दुसऱ्यासाठी घेतलेलं यंत्र

नोव्हेंबर लागला की फोनवर एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत ऐकू येतो: "सगळ्यात चांगला बीकन कोणता? पैशाचं बघू नका." विचारणारे बहुधा पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे. औलीला किंवा सोलंगला स्कीइंग शिकलेले आणि आता गुलमर्गच्या गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटरवरून, ताज्या बर्फात उतरायची आस लागलेले. मी त्यांना उलट विचारते, "तुमच्याबरोबर कोण कोण येणार आहे? त्यांच्या गळ्यात काय असणार आहे?" बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो.

बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा माग काढणारं ट्रान्सीव्हर. पंजात मावेल एवढं यंत्र, जॅकेटच्या आत छातीवर पट्ट्यांनी बांधायचं. डोंगरावर असेपर्यंत ते ४५७ किलोहर्ट्झवर साधारण सेकंदाला एक ठोका सोडत राहतं. बर्फाचा लोट आला आणि कुणी खाली गेलं, की वर उरलेले सगळे आपापली यंत्रं 'शोध'वर टाकतात आणि तो ठोका हुडकत जातात. आता बघा, माझ्या गळ्यातल्या महागड्या यंत्राची शोधण्याची ताकद मला कधीच वाचवणार नाही. ती माझ्या सोबत्याच्या कामी येईल. मला वाचवेल ते सोबत्याच्या गळ्यातलं यंत्र, आणि त्याचे हात. चौघांच्या गटात एकाने ५०० युरोंचा बीकन घ्यायचा आणि बाकीच्या तिघांनी कुणाचा तरी जुना मागून आणायचा, यात सगळ्यात असुरक्षित कोण असेल तर तो ५०० युरो मोजणारा. हे मी दर वर्षी नव्याने समजावते आणि दर वर्षी समजावत राहीन.

मी पुण्याची. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, काही वर्षं मोजमापाच्या उपकरणांच्या चाचणीचं काम केलं, सुट्टीचे दिवस सह्याद्रीच्या कड्यांवर घालवले. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतल्या प्रशिक्षणानंतर बर्फ सुटला नाही. आता हिवाळ्यात गुलमर्गमधल्या एका गाईड कंपनीच्या सुरक्षा-सामानाची जबाबदारी माझ्याकडे असते: बीकन, प्रोब, फावडी, एअरबॅग, वॉकीटॉकी. आमचे गाईड टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतले. लहानपणापासून बर्फावर वाढलेली ही मुलं ज्या सहजतेने उतरतात ते बघत राहावं असं आहे. त्यांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या गळ्यात काय असावं हे ठरवणं माझं काम.

गुलमर्गचा गोंडोला हे वरदान आहे आणि धोक्याचं मूळही तेच आहे. युरोपातला स्कीयर ज्या उतारावर तीन-चार तास चढून पोहोचतो, वाटेत पायाखालचा बर्फ कसा वाजतो, कुठे वाऱ्याने थर साचवलाय हे बघत जातो, तशा उतारावर इथे माणूस डब्यात बसून काही मिनिटांत पोहोचतो. गोंडोला ज्या अफरवट डोंगरावर जातो, त्याच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोल असतं, ते स्फोटकं लावून धोकादायक बर्फ आधीच पाडतात. पण मेरी शोल्डर, हापतखुड, खिलनमर्गच्या वरचे उतार असे जे दोर ओलांडल्यावर समोर पसरलेले असतात, तिथे तुमचं तुम्हीच. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडमध्ये बर्फ सुटला आणि पोलंडचे दोन स्कीयर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीयर गेला. त्याआधी, ८ फेब्रुवारी २०१० ला, याच खिलनमर्गमध्ये हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनाने नेले. डोंगर तेच आहेत आणि चिल्लई कलांच्या, म्हणजे काश्मिरी हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीच्या, चाळीस दिवसांत त्यांच्यावर पडणारा बर्फही तसाच आहे.

आणि वेळ फार थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जण जगतात. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येतं. आम्हाला प्रशिक्षणात पंधरा मिनिटं शिकवली होती. आता मी दहाच सांगते. माणूस थंडीने मरत नाही, श्वास कोंडून मरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा पुण्यातल्या किती तरी जणांनी मला विचारलं होतं, "म्हणजे जगू शकतो ना माणूस?" हनुमंतप्पा काही दिवसांतच दिल्लीच्या रुग्णालयात वारले. त्यांच्याबरोबर गाडले गेलेले नऊही जण वाचले नाहीत, त्यांतला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला होता. अशा एखाद्या अद्भुतावर हिशेब मांडता येत नाही. दहा मिनिटांत बचाव पथक येऊ शकत नाही. दहा मिनिटांत फक्त शेजारी उभा असलेला माणूस येऊ शकतो.

म्हणून मी प्रत्येक यंत्राकडे याच नजरेने बघते: घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या, बोटं बधिर झालेल्या माणसाला हे यंत्र त्या दहा मिनिटांत कितपत साथ देईल?

यंत्राचं पोट समजून घ्यायला मला माझ्या आजोबांचा ट्रान्झिस्टर उपयोगी पडला. मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलं की ते रेडिओ हातात धरून थोडा थोडा फिरवायचे. एका बाजूला आवाज खणखणीत यायचा, काटकोनात वळवला की विझायचा. आत फेराइटची कांडी आणि तिच्यावर तारेचे वेढे असतात, ती ज्या दिशेला असेल त्यावर सगळं अवलंबून. बीकनच्या आत तीच फेराइटची कांडी आहे. पाठवणाऱ्या यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्राच्या रेषा दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वळून परत येतात. शोधणारा माणूस त्यातल्या एखाद्या कमानीवरून चालत जातो, म्हणजे सरळ रेषेत जातच नाही. पडद्यावरचा बाण गाडलेल्या माणसाकडे बोट दाखवत नसतो, त्या जागी रेषा जिकडे वळते तिकडे दाखवत असतो. पहिल्यांदा शोधणाऱ्याला हे खटकतं. बाण त्याला उतारावर भलतीकडे नेतोय असं वाटतं आणि तो यंत्रावरचा विश्वास सोडून मनाने धावायला लागतो. मी एवढंच सांगते: आकडा कमी होतोय ना? चालत राहा. वाढायला लागला? पूर्ण उलटे फिरा. तो आकडा काटेकोर मीटर नाही, पण त्याची दिशा खोटं बोलत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांना बाण नव्हता, आकडाही नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन यांनी बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत पहिला उपयोगी बीकन बनवला, तो 'स्कॅडी' या नावाने विकला गेला. कानात लावून ऐकायचं आणि आवाजाच्या चढ-उतारावर माग काढायचा. त्याची वारंवारता २.२७५ किलोहर्ट्झ होती, युरोपात ४५७ किलोहर्ट्झ रूढ होत गेली, आणि काही काळ दोन्हींचा घोळ होता. १९८० मध्ये ऑर्टोव्हॉक्सने दोन्हींवर चालणारं यंत्र काढलं, पुढे ४५७ च जगभर टिकली. १९९७ मध्ये आलेल्या 'ट्रॅकर'ने पहिल्यांदा दोन अँटेनांचा हिशेब आतल्या प्रोसेसरकडून करून घेऊन पडद्यावर दिशा आणि अंतर दाखवलं. तिसरी अँटेना आणखी काही वर्षांनी आली, आणि आज तीन अँटेना नसलेला बीकन मी कुणाच्याही गळ्यात घालू देत नाही.

हे का, ते जरा नीट सांगायला हवं, कारण जुना दोन अँटेनांचा बीकन स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारे अजून भेटतात. लांबून शोधताना दोन अँटेना पुरतात. घोळ होतो शेवटच्या तीन मीटरांत. समजा, माणूस दीड मीटर खाली आहे आणि त्याच्या छातीवरची प्रक्षेपणाची कांडी उभी राहिली आहे. अशा वेळी पृष्ठभागावर नेमक्या त्याच्या डोक्यावर आल्यावर दोन आडव्या अँटेनांना जवळजवळ काही मिळत नाही आणि थोडं बाजूला गेलं की सिग्नल वाढतो. यंत्र दोन ठिकाणी 'इथे' म्हणतं आणि माणूस त्या दोहोंच्या मधोमध असतो. तिसरी, उभी अँटेना हा चकवा घालवते. मी गुलमर्गच्या गोल्फ कोर्सच्या कडेच्या उतारावर एक यंत्र खोल आणि उभं पुरून दोन्ही प्रकारच्या बीकननी शोध घ्यायला लावते. एकदा ते स्वतः बघितलं की दोन अँटेनांचा विषय पुन्हा निघत नाही.

जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते अंतर. ४० मीटर, ५० मीटर, बॅरीव्हॉक्ससारख्या वरच्या श्रेणीच्या यंत्रांत ७० मीटर शोधपट्टा. चाचणीच्या टेबलावर काम केलेलं असल्यामुळे मला या आकड्याचं फार अप्रूप वाटत नाही. दोन कांड्या एका रेषेत असतील तर यंत्र लांबून ऐकतं, एकमेकींच्या समांतर बाजूला असतील तर सिग्नल निम्म्यावर येतो आणि पल्लाही घटतो. शिवाय क्षेत्राची ताकद अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते; अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे पल्ला थोडा वाढवायलाही यंत्राला पुष्कळ जास्त संवेदनशील व्हावं लागतं, आणि संवेदनशील झालं की ते आजूबाजूचा विद्युत गोंगाटही जास्त ऐकतं. पल्ला महत्त्वाचा आहेच. अफरवटचे उतार रुंद आहेत, एकट्या गाईडला मोठा ढिगारा चाळावा लागला तर रुंद पट्टा मिनिटं वाचवतो. पण चार पाहुण्यांचा गट असेल, चौघे अंतर ठेवून शेजारी शेजारी खाली येत असतील, तर ४० मीटरांचा पट्टाही पुरून उरतो. त्यांची मिनिटं दुसरीकडेच जातात.

ती कुठे जातात हे मी डोळ्यात तेल घालून बघितलं आहे. नवीन मॉडेल हातात आलं की मी ते आधी अनुभवी गाईडला देत नाही. त्या आठवड्यात आलेल्या, बीकन कधी न वापरलेल्या पाहुण्याला देते. जाड मिटन्स घालून, शंभरएक पावलं चढावर पळायला लावून, मग "आता शोधा" म्हणते आणि गप्प उभी राहते. ज्या क्षणी माणूस थांबून यंत्राकडे बघत विचार करायला लागतो, तो क्षण माझ्या वहीत जातो. काही यंत्रांवर शोध सुरू करायला दोन हालचाली एकत्र कराव्या लागतात. हातमोज्यात ते जमत नाही, माणूस दातांनी मोजा ओढतो. काहींच्या पडद्यावर इतकी चिन्हं असतात की नजर बर्फावरून सुटते. हे फार गंभीर आहे, कारण गाडलेल्याचा हात, स्कीची टोकं, टोपी असं काही वर उघडं असेल तर बीकनची गरजच नसते. डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस ते बघतो, पडद्यात डोकं घातलेला त्यावरून पुढे जातो. आमच्या गाईडांमधले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, एकदा अत्याधुनिक यंत्र हातात उलटंपालटं करून म्हणाले, "मशीन अच्छी है, दीदी, मगर हाथ तो ठंडा होगा ना उस वक़्त." तेव्हापासून बटणं बघताना माझ्या मनात चाचांचा तो थंड हात असतो.

शेवटच्या टप्प्यात यंत्रांचा खरा फरक दिसतो. तीन मीटरांच्या आत आलं की यंत्र बर्फाला टेकवायचं, फिरवायचं नाही, सावकाश पुढे-मागे आणि मग आडवं सरकवायचं आणि सगळ्यात लहान आकड्याची जागा पकडायची. घाईत माणूस यंत्र हवेतच फिरवत राहतो. जी यंत्रं आकडा दाखवायला किंचित उशीर करतात त्यांच्यावर तो नेमकी जागा ओलांडून जातो आणि परत शोधत येतो. म्हणून आकडा किती पटकन बदलतो आणि आवाजाचा सूर कसा चढतो याकडे मी बारकाईने बघते. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नसते, हातात धरूनच कळते. जागा मिळाली की प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी. मिळालेल्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूला २५ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी गोल गोल टोचत जायचं. प्रोब लागला की तो तिथेच ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूने खणायला लागायचं. स्खलनाचा बर्फ दबून घट्ट होतो. एक घनमीटर काढायचा म्हणजे तीन-चारशे किलो उपसायचे. दहा मिनिटांतला सर्वांत मोठा वाटा फावड्याकडे जातो. ज्याला बीकनवर आणखी १५० युरो खर्च करायचे आहेत आणि ज्याच्याकडे प्लॅस्टिकचं फावडं आहे, त्याला मी ते पैसे ॲल्युमिनियमच्या फावड्यात आणि किमान २४० सेंटिमीटरच्या प्रोबमध्ये घालायला सांगते. गाईडांना ३०० चा प्रोब.

प्रगत म्हणून जे विकलं जातं त्यात अनेक गाडलेल्यांना एकामागून एक शोधण्याची सोय प्रमुख आहे. एकाचा ठाव लागला की त्याच्या सिग्नलवर खूण करायची, यंत्र तो बाजूला ठेवून पुढचा दाखवतं. ही सोय मोलाची आहे आणि तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. ठोके साधारण सेकंदाला एक, पण प्रत्येक यंत्राचा ठोका किंचित वेगळा. दोघांच्या ठोक्यांची लय जवळपास सारखी असेल तर ते बराच वेळ एकमेकांवर पडत राहतात आणि यंत्राला दोन वेगळे करता येत नाहीत. गाडलेल्यांची संख्या वाढली की घोळही वाढतो. अशा वेळी प्रशिक्षित गाईड खुणा सोडून देतो आणि अरुंद पट्ट्यांत चालत सगळा भाग चाळतो, किंवा ॲनालॉग आवाजावर येऊन कानांनी ठोके मोजतो. हे करायला हाताला वळण लागतं, ते एका दिवसात लागत नाही. नवखा पाहुणा मात्र जागा नेमकी मिळण्याआधीच खूण करून टाकतो, आणि मग यंत्र त्या जिवंत माणसाला लपवून ठेवतं. यामुळे पाहुण्यांच्या यंत्रांत मला खुणेची सोय साधी हवी असते आणि खूण रद्द करण्याची पद्धत एका बटणाची. ॲनालॉग सूर, जवळच्या सिग्नलांची यादी असलं सगळं गाईडांच्या यंत्रात. बोलून सूचना देणारे बीकनही आता मिळतात. एकट्या शोधणाऱ्याला ते बरे, पण तीन माणसं एकमेकांना हाका मारत असताना तीन यंत्रंही बोलू लागली तर गाईडचा आवाज त्यात बुडतो, म्हणून मी ते घेतले नाहीत.

दुसऱ्या स्खलनाची शक्यता असते. शोधणारे स्वतःच गाडले गेले आणि त्यांची यंत्रं 'शोध'वरच राहिली, तर त्यांचा ठोका येणारच नाही. चांगली यंत्रं हालचाल थांबली की काही वेळाने, आधी इशारा देऊन, आपोआप प्रक्षेपणावर परततात. ही सोय प्रत्येक यंत्रात हवी, पाहुण्याच्याही. आणि मुख्य स्विच. जॅकेटच्या आत, पट्टीखाली, पडताना शरीराचा दाब येऊनही तो सरकता कामा नये. २०२१ मध्ये एका कंपनीने स्विचची कडी निकामी होऊ शकते म्हणून काही मॉडेल जगभरातून परत मागवली. ती बातमी आल्यापासून मी प्रत्येक यंत्राची कडी हंगामाच्या आधी आणि मध्ये तपासते: झिजली आहे का, बाजूने दाबल्यावर हलते का, प्लॅस्टिकला तडा आहे का. जरा शंका आली की यंत्र कपाटात.

सेलचा विषय छोटा वाटतो. यंत्राने २०० तास प्रक्षेपण करून त्यानंतरही एक तास शोध घेता आला पाहिजे अशी युरोपीय मानकाची अपेक्षा आहे, आणि बहुतेक यंत्रं ती अल्कलाइन सेल गृहीत धरून पूर्ण करतात. घरी चार्ज करायचे सेल घातले की यंत्राचा शिल्लक दाखवणारा आकडा चुकतो, शेवटपर्यंत भरपूर दाखवतो आणि मग एकदम संपतो. त्यासाठीच बनवलेली चार्जिंगची यंत्रं वेगळी. आम्ही सेल श्रीनगरहून खात्रीच्या दुकानातून एकाच छापाचे, एकदम घेतो आणि यंत्रातले सगळे सेल एकाच वेळी बदलतो. मार्चअखेर सगळे काढून ठेवतो, नाहीतर उन्हाळ्यात सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.

पाहुण्यांशी सर्वांत जास्त वाद होतो तो मोबाइलवरून. प्रक्षेपणात फोन आणि इतर विद्युत वस्तू २० सेंटिमीटर लांब, शोधात ५० सेंटिमीटर. नियम सोपा आहे, पण छातीवर ॲक्शन कॅमेरा लावायची हौस दांडगी, आणि छाती हीच बीकनची जागा. गरम होणारे हातमोजे, स्मार्टवॉच, जॅकेटच्या कॉलरमधले चुंबक, या सगळ्याबद्दल बोलावं लागतं. शोधताना गरम हातमोजे बंद करा म्हटलं की लोक हात गारठतील म्हणतात. मी त्यांना यंत्र हातात देते, मोजे चालू करते आणि पडद्यावर आकडा कसा उड्या मारतो ते दाखवते. तेवढं पुरतं. सकाळी गोंडोलातून उतरल्यावर गाईड एका बाजूला उभा राहतो आणि प्रत्येक जण त्याच्यासमोरून एकेक करून जातो, ठोका येतोय की नाही हे तो ऐकतो. कुणीही, कितीही जुना पाहुणा असो, ही तपासणी चुकवू शकत नाही.

आमच्या गाईडांची कहाणी मला इथे सांगायची आहे, कारण माझ्या मते निवडीचा सगळा प्रश्न तिथे येऊन ठेपतो. मी आले तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात परदेशी पाहुण्यांनी जाताना प्रेमाने दिलेले बीकन होते. कुणाचा ॲनालॉग, कुणाचा दोन अँटेनांचा, एकाचा पडदा फुटलेला. पाहुणे नवीन यंत्रं घेऊन येत आणि त्यांचे प्राण ज्यांच्या हातात, त्यांच्याकडे सर्वांत जुनी यंत्रं. "दीदी, बीप तो करता है ना," असं एक तरुण गाईड म्हणाला होता. बीप करत होता, हे खरंच. पण जुन्या यंत्रांची वारंवारता वर्षांनुवर्षं धक्के खाऊन सरकते. मानकानुसार ४५७ पासून ८० हर्ट्झहून जास्त ढळायला नको, आणि त्यांतले काही तपासल्यावर त्या हद्दीबाहेर निघाले. असा ढळलेला ठोका आजच्या डिजिटल यंत्राला उशिरा ऐकू येतो, कारण ते आपल्या कानाची खिडकी अरुंद ठेवतं. म्हणजे तो तरुण गाडला गेला असता तर पाहुण्याचं सर्वोत्तम यंत्रही त्याच्या जवळ आल्यावरच जागं झालं असतं. पाहुणा जगावा म्हणून जो माणूस दोन महिने रोज बर्फात उभा असतो, त्याला शोधणं सर्वांत कठीण असावं हे मला सहन झालं नाही. पहिलं बजेट मी गाईडांच्या यंत्रांसाठी मागितलं. पाहुण्यांच्या भाड्याच्या यंत्रांसाठी नंतर. कंपनीच्या मालकांना ते पटवायला एक अख्खा उन्हाळा गेला, कारण भाड्याचं यंत्र पैसे कमावतं, गाईडच्या गळ्यातलं कमावत नाही. शेवटी त्यांनी मान्य केलं.

यंदा जे ठरवलं ते असं. सगळ्या गाईडांना एकाच वरच्या श्रेणीचं, एकाच मॉडेलचं यंत्र. एकाच्या हातातून दुसऱ्याने घेतलं तरी बटण शोधावं लागू नये. पाहुण्यांना त्याच कंपनीचं साधं, तीन अँटेनांचं, मोठ्या बटणाचं. स्वतःचं यंत्र घेऊन येणाऱ्यांचं फर्मवेअर आम्ही गुलमर्गमध्येच तपासतो आणि त्यांच्याकडून एकदा शोध करून घेतो. तो जमला नाही तर पहिला दिवस डोंगरावर नाही, सरावात जातो. पुण्याच्या एका गटाने अगदी महाग चार यंत्रं घ्यायची ठरवली होती. त्यांनी मध्यम किमतीची घेतली आणि उरलेल्या पैशांत चौघांनीही प्रशिक्षण घेतलं. त्यांच्यातली एक मुलगी सरावात दीड मीटर खोल पुरलेलं यंत्र पहिल्याच दिवशी फार झटपट शोधून काढायला लागली. तिच्या सोबत्यांच्या दृष्टीने त्या गटातलं सर्वांत मौल्यवान उपकरण आता तीच आहे.

जुने, ढळलेले बीकन आम्ही टाकून दिले नाहीत. त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा मारला आहे आणि ते फक्त पुरण्यासाठी वापरतो. अवघड सिग्नल शोधायचा सराव गाईडांना याहून चांगला दुसऱ्या कशाने मिळणार नाही. उशिरा जागं होणारं यंत्र, एकमेकांवर पडणारे ठोके, खोल आणि उभी कांडी, सगळं त्यांत आहे. चिल्लई कलां सुरू व्हायच्या आधीचा आठवडा त्यासाठी ठेवला आहे. चाचांनी त्यांतले तीन यंदा एकाच खड्ड्याच्या आसपास पुरायचे ठरवले आहेत, आणि नव्या मुलांना ते वरच्या श्रेणीच्या यंत्रावर खुणेचं बटण न वापरता शोधायला लावणार आहेत.